शर्यतीचे घड्याळ

शर्यतीचे घड्याळ : मोटार-शर्यतीत वेळ व वेग मोजणारे मनगटी क्रोनोग्राफ घड्याळ. कडेवरील टॅकिमीटर पट्टी हा त्याचा प्राण. तिचे गणित सोपे आहे : ३,६०० ला सेकंदांनी भागायचे. भोकरदन–जालना रस्त्यावर किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ४५ सेकंद लागले, तर सेकंदकाटा ८० वर थांबतो. तोच ताशी वेग. स्वित्झर्लंडच्या जॅक होयर यांनी १९६३ मध्ये ‘कारेरा’ घड्याळ आणले. नाव घेतले ते मेक्सिकोतील ‘कारेरा पानामेरिकाना’ (१९५०–५४) या जीवघेण्या शर्यतीवरून. धावत्या गाडीत एका नजरेत वाचता येणारी त्याची स्वच्छ तबकडी आजही सर्वांत देखणी वाटते. रोलेक्सचे ‘डेटोना’ त्याच वर्षीचे. अभिनेते व शर्यतपटू पॉल न्यूमन यांचे डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना विकले गेले.