किल्ली कोणाच्या कमरेला?

मंडळी, विहीर आपली, पाणी आपले, पण मोट आणि नाडा मात्र शेजाऱ्याच्या गोठ्यात. अशा माणसाला बागायतदार म्हणावे काय? शेजारी भला आहे तोवर मळा हिरवा. एकदा भांडण झाले, की पाण्याकडे नुसते बघत बसायचे! ‘डिजिटल सार्वभौमत्व’ या भारदस्त शब्दाचे मर्म एवढेच आहे. देशाचे निरोप ज्या तारांतून आणि यंत्रांतून जातात, त्यांची किल्ली कोणाच्या कमरेला?

हा प्रश्न आजचा नव्हे. ४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, आणि दुसऱ्याच दिवशी एका इंग्रज जहाजाने इंग्लिश खाडीच्या तळाशी असलेल्या जर्मनीच्या तारा वर ओढून तोडल्या. मग जर्मनीला बिनतारी यंत्रावर किंवा परक्यांच्या तारांवर विसंबावे लागले. जानेवारी १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी मेक्सिकोला युतीचे आमिष दाखवणारी गुप्त तार धाडली. ती वाटेतच इंग्रजांच्या हाती पडली. त्यांनी तिची सांकेतिक लिपी उलगडली आणि मजकूर अमेरिकेला दाखवला. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली, त्याचे हे एक मोठे कारण.

आता आपल्या घरचे पाहू. परदेशी धाटणीची टेलिफोन एक्सचेंजे थंड हवेच्या खोलीत नांदणारी. आमच्या खेड्यात धूळ, उकाडा आणि घटकेत जाणारी वीज! म्हणून १९८४ साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा यांचा त्यात पुढाकार होता. मुदत ३६ महिने, खर्च ३६ कोटी रुपये. १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे तिचे १२८ जोडण्यांचे छोटे एक्सचेंज सुरू झाले. त्याला थंड खोली लागत नव्हती. आणि मुख्य म्हणजे, त्याच्या पोटात काय आहे हे आपल्या माणसांना ठाऊक होते.

आज एक्सचेंज म्हणजे बव्हंशी सॉफ्टवेअरच. ते लिहिणारा दूरदेशी बसून त्याची दुरुस्ती करतो. मग तोच ते बंदही पाडणार नाही कशावरून, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. म्हणूनच १५ जून २०२१ पासून आपल्या टेलिफोन कंपन्यांना नवी यंत्रे सरकारने विश्वसनीय ठरवलेल्या ठिकाणांहूनच घ्यावी लागतात. स्वस्त दिसले आणि उचलले, असे आता चालत नाही.

२७ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी बीएसएनएलने देशी बनावटीचे ४-जी जाळे राष्ट्राला अर्पण केले. सी-डॉट, तेजस आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून ते उभारले. पण खासगी कंपन्यांनी आपल्याकडे ४-जी सेवा २०१२ सालीच सुरू केली होती, हेही विसरून चालणार नाही. स्वतःची मोट घडवायला वेळ लागतो, आणि तोवर कोणाचा तरी मळा तहानलेला राहतो.

तेव्हा सगळेच घरी करावे असे नाही. पण परक्याकडून घेतलेले यंत्र उघडता, तपासता आणि दुरुस्त करता आलेच पाहिजे. ते काम उद्या आपल्या शाळेतल्या मुलांनाच करायचे आहे. गुरुजी, एकदा त्यांच्यापुढे बंद पडलेला फोन खोलून ठेवा. किल्ली घडवण्याचा पहिला धडा तोच.