दंडावरची खूण

माझी मुलगी चार वर्षांची असताना एके सकाळी तिने माझ्या दंडावर बोट ठेवून विचारले, "बाबा, इथं काय झालं होतं?" तिथे दोन गोल, चुरगळलेले व्रण आहेत. "लहानपणी देवी काढल्या होत्या," मी म्हणालो. तिने लगेच स्वतःचा दंड पाहिला. बी.सी.जी.चा एक बारीक ठिपका होता; देवीची खूण नव्हती. "मग माझ्या का नाही काढल्या?" तिचा चेहरा असा पडला, की जणू घरातल्या वाटणीत तिच्या वाट्याचे काही राहून गेले होते.

त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला पुढे आजोबांच्या चोपडीत मिळाले. लांबट, लाल कापडी बांधणीची ही चोपडी मोडीत लिहिलेली. मला मोडी येत नाही. शहापुरातल्या एका वृद्ध गुरुजींनी चार दुपारी बसून ती वाचून दाखवली. उसनवारी, शेतसारा, बैलाची किंमत, आणि मधूनच मुलांचे जन्म. मूल कधी रांगले, पहिले पाऊल कधी टाकले, पहिला शब्द कोणता बोलले, याविषयी एक अक्षर नाही. मात्र जवळजवळ प्रत्येक मुलापुढे एक नोंद आहे: "देवी काढिल्या." शके १८२५ मधल्या एका कन्येपुढे तेवढी ती नाही. तिथे "देवी आल्या" असे आहे, आणि पुढची ओळ कोरी.

काढिल्या आणि आल्या. आपल्या भाषेत या दोन क्रियापदांत मुलाचे सारे आयुष्य मावत असे. देवी आल्या म्हणजे रोग झाला. मूल दगावे, किंवा डोळे जात, किंवा चेहऱ्यावर वण घेऊन उठे. देवी काढल्या म्हणजे लस टोचली.

या लशीचा आपल्या देशातला आरंभही एका लहान मुलीच्या दंडावर झाला. एडवर्ड जेन्नरने आपले संशोधन १७९८ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले. बगदाद, बसरा या मार्गाने ती लस मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. तिच्या फोडातली लस पुढच्या मुलांना, त्यांच्या फोडांतली त्यापुढच्यांना, अशी ती दंडावरून दंडावर देशभर गेली. लस टिकवण्याचे त्या काळी दुसरे खात्रीचे साधन नव्हते. आठवडाभराने फोड पिकला की त्या मुलाला पुढे न्यायचे आणि त्याच्या दंडातून लस काढायची. आपल्या लेकराचा ठणकता दंड कोण पुन्हा टोचू देईल? टोचणारा आला की आया मुले लपवीत, त्यात अडाणीपणापेक्षा मायाच अधिक असावी, असे मला बाप झाल्यावर वाटू लागले.

१८८० साली लसीकरणाचा कायदा झाला. पुढे वासरांच्या कातडीवर लस तयार करण्याची पद्धत आली आणि मुलांच्या दंडांची त्या जाचातून सुटका झाली. मुंबई इलाख्यासाठी ही लस आपल्या बेळगावातच तयार होई. टिळकवाडीतल्या ज्या मैदानाला आपण आजही 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतो, त्या नावाचा उगम हा. तिथे फिरायला जाताना, क्रिकेट खेळताना ते नाव आपण शेकडो वेळा उच्चारले, पण त्याचा अर्थ कधी घरात आणला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. दाखल्यांवरची भाषा बदलली, घराघरांतली दुखणी आणि वाद आपल्याला ठाऊकच आहेत. दंडावरची टोचणी मात्र दोन्ही राज्यांत तीच होती. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याची नोंद झाली आणि मे १९८० मध्ये साऱ्या जगाची. माझी मुलगी १९९३ ची. तिला खूण नाही ती अशी.

१९९५ साली पल्स पोलिओ सुरू झाला, तेव्हा तिला कडेवर घेऊन मी रांगेत उभा होतो. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "बाय तगी." मी मराठीत सांगण्याआधीच तिने आ वासला. घरात कोणी शिकवली नव्हती ती कानडी; शेजारच्या अंगणात खेळता खेळता आलेली. करंगळीवर शाईची खूण घेऊन ती दिवसभर मिरवली. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा ती नोकरीला लागली होती.

आजोबा कोरडे होते, असे चोपडी वाचण्यापूर्वी मला वाटे. तिचे पहिले पाऊल, बोबडे बोल मी हौसेने डायरीत टिपले, फोटो काढले. आजोबांनी काहीच टिपले नाही. आता वाटते, देवी काढून होईपर्यंत मुलाचे कौतुक कागदावर उतरवण्याची त्यांची छाती होत नसावी. आणि शके १८२५ नंतर तर नाहीच.

गेल्या वर्षी मुलीला मुलगा झाला. लसीकरणाचे कार्ड दवाखान्यातून मिळालेच आहे, तरी मी चोपडी काढली. मागची काही पाने कोरी होती. बाळबोधीत लिहिले: "चिरंजीव आज उभा राहिला." मग त्या कन्येचे पान उघडले. तिच्यापुढची ओळ तशीच कोरी ठेवली.