घरातल्या गॅरेजमध्ये कारची फोर-पोस्ट लिफ्ट एकट्याने कशी जोडतात?

तुमच्या फीडमध्ये असा व्हिडिओ कधीतरी आलाच असेल. अमेरिकेतलं एखादं घर, घराला चिकटून गॅरेज आणि आत चार लोखंडी खांबांची लिफ्ट. एक गाडी हवेत, दुसरी तिच्या खाली. मालक सांगतो, "हे सगळं मी एकट्याने जोडलं." दोन दिवसांचं काम ६० सेकंदांत संपतं आणि खाली कमेंट्स पडतात, "भावा, जबरदस्त!"

पण अर्धा टनाहून जास्त लोखंड एक माणूस उभं करतो कसं? आणि त्या ६० सेकंदांत काय दिसत नाही? समजून घेऊया.

फोर-पोस्ट लिफ्ट म्हणजे काय?

चार कोपऱ्यांत चार खांब. पुढच्या दोन खांबांमध्ये एक आडवा बीम, मागच्या दोन खांबांमध्ये दुसरा. या दोन बीमवर लांबीच्या दिशेने दोन लोखंडी पट्ट्या टाकलेल्या असतात, त्यांना रनवे म्हणतात. गाडी रॅम्पवरून थेट या रनवेवर चढते आणि स्वतःच्या चाकांवरच उभी राहते.

टू-पोस्ट लिफ्टमध्ये हात गाडीच्या चासीखाली लावून गाडी उचलतात, त्यामुळे चाकं मोकळी लटकतात. तिथे सगळा भार दोन खांबांवर येतो आणि ते जमिनीत घट्ट रोवावेच लागतात. फोर-पोस्टमध्ये भार चार पायांवर विभागला जातो. म्हणूनच घरी गाडी वर ठेवून खाली दुसरी लावायची असेल, तर लोक हाच प्रकार निवडतात. घरगुती मॉडेलची क्षमता साधारण ७,००० ते ९,००० पौंड असते, म्हणजे सुमारे ३,२०० ते ४,१०० किलो.

ती गाडी उचलते कशी आणि धरून कशी ठेवते?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पुढचं सगळं या फरकावर अवलंबून आहे.

उचलायचं काम हायड्रॉलिक्स करतं. एका खांबावर मोटर, पंप आणि तेलाची टाकी असते. एका रनवेच्या पोटात सिलिंडर असतो. बटण दाबलं की पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो, पिस्टनचा दांडा आत जातो आणि त्याला जोडलेल्या चार स्टीलच्या केबल ओढल्या जातात. या केबल पुलींवरून फिरून चारही खांबांच्या माथ्यापर्यंत गेलेल्या असतात. चौघी एकाच सिलिंडरला बांधलेल्या असल्यामुळे चारही कोपरे एकाच वेळी वर जातात.

धरून ठेवायचं काम मात्र लॉकचं. प्रत्येक खांबात वरपासून खालपर्यंत खाचा असलेली एक पट्टी असते, शिडीसारखी. लिफ्ट वर जाताना चारही कोपऱ्यांत "खट्ट, खट्ट" आवाज येतो. खाचांवर खिट्टी पडत असल्याचा तो आवाज. हवी ती उंची आली की लिफ्ट किंचित खाली सोडून या खाचांवर टेकवतात. आता वजन तेलावर किंवा केबलवर नाही, लोखंडावर आहे. त्यानंतरच खाली जायचं. याशिवाय एखादी केबल सैल पडली किंवा तुटली, तर त्या कोपऱ्यात आपोआप अडकणारी वेगळी खिट्टीही चांगल्या लिफ्टमध्ये असते.

म्हणजे जोडणी करताना आपण नुसते नट-बोल्ट आवळत नसतो. ज्याच्याखाली उद्या आपण किंवा आपली मुलं उभी राहणार आहोत, ते चार कोपरे एकाच पातळीवर टेकतील याची सोय करत असतो.

विकत घेण्याआधी काय मोजायचं?

छत. हिशोब सोपा आहे. समजा खालची सेडान १.४५ मीटर उंच, वरची स्पोर्ट्स कार १.२५ मीटर आणि मध्ये रनवेची जाडी व मोकळी जागा मिळून २० सेंटीमीटर. बेरीज झाली २.९० मीटर, म्हणजे साडेनऊ फूट. अमेरिकेतल्या बऱ्याच गॅरेजचं छत ८ किंवा ९ फुटांचं असतं. तिथे या दोन गाड्या एकावर एक बसणारच नाहीत. शिवाय वर सरकणारं शटर उघडल्यावर छताखाली आडवं येतं आणि त्याची मोटरही मध्येच लटकत असते. म्हणून अनेकांना शटरचे रूळ उंच करून मोटर भिंतीवर घ्यावी लागते.

फरशी. अशा लिफ्टसाठी उत्पादक साधारणपणे किमान ४ इंच जाडीचं आणि ३,००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट मागतात. आपल्याकडच्या भाषेत हे एम-२० ते एम-२५ दर्जाच्या आसपास येतं. नवीन काँक्रीट असेल तर २८ दिवस थांबायचं. १,६०० किलोची गाडी आणि ७०० किलोची लिफ्ट धरली, तर प्रत्येक खांबाच्या छोट्याशा पायावर सरासरी पावणेसहाशे किलो येतात. इंजिन पुढे असेल तर पुढच्या दोन खांबांवर आणखी जास्त. खांब भेगेवर किंवा काँक्रीटच्या कडेला लागून येता कामा नये.

एक धोका दिसत नाही. काही घरांच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या स्टीलच्या तारा असतात, याला पोस्ट-टेन्शन स्लॅब म्हणतात. ड्रिल मारताना अशी तार तुटली तर ती जोरात उसळू शकते आणि स्लॅबची ताकदही जाते. तुमचा स्लॅब तसा आहे का, हे समजल्याशिवाय एकही भोक पाडायचं नाही.

लेबल. अमेरिकेत ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट ही १९४५ पासूनची संस्था लिफ्टच्या सुरक्षेचं काम पाहते. स्वतंत्र प्रयोगशाळेत चाचणी होऊन मानकात बसलेल्या मॉडेलवरच तिचं सोनेरी लेबल लागतं. स्वस्त मॉडेल घेण्याआधी ते शोधायचं.

पहिली अडचण : ट्रक दारात, पण उतरवणार कोण?

लिफ्ट एका मोठ्या जुडग्यात येते. रनवे, बीम, खांब सगळं एकत्र बांधलेलं, वजन पाऊण टनाच्या आसपास आणि लांबी चौदा-पंधरा फूट. मालवाहू कंपनीचा ड्रायव्हर बहुतेक वेळा फक्त ट्रक आणून उभा करतो, उतरवायची जबाबदारी आपली. ट्रकच्या मागची छोटी लिफ्ट इतक्या लांब मालासाठी नसते. त्यामुळे लोक फोर्कलिफ्ट भाड्याने आणतात किंवा ट्रेलर घेऊन डेपोतून माल उचलतात.

दुसरी गोष्ट जुडगं सोडण्याची. एकावर एक रचलेले भाग वाहतुकीच्या क्लॅम्पने धरलेले असतात. चुकीचा बोल्ट आधी काढला, तर वरचा रनवे थेट पायावर येतो. आधी पट्टे बांधायचे, भाग क्रेनने धरायचा, मगच बोल्ट सोडायचा.

आता एकटा माणूस हे जोडतो कसं?

उत्तर ताकदीत नाही. लांब वस्तूचं एकच टोक उचललं, तर आपल्या हातात साधारण अर्धंच वजन येतं आणि बाकीचं जमीन धरते. एकट्याची सगळी जोडणी याच तत्त्वावर चालते. एक टोक उचला, टेकवा, मग दुसरं टोक. सोबतीला इंजिन काढायची चाकांची छोटी क्रेन, चाकांच्या फळ्या, लाकडाचे भक्कम ठोकळे, घोडी आणि कसून बांधायचे पट्टे लागतात. क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो आणि अंतिम शब्द मॅन्युअलचाच, पण ढोबळमानाने काम असं चालतं :

१. आखणी. फरशीवर खडूने चार खांबांच्या जागा आखायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे.

२. खांब आणि बीम. खांब उभे करून त्यांच्यामध्ये बीम बसवायचे. बीमच्या टोकांतून खाचांच्या पट्ट्या जातात आणि खांबाच्या माथ्यावर नटाने धरल्या जातात. मोकळा उभा खांब धक्का लागला तरी पडू शकतो, म्हणून त्याला क्षणभरही बिनआधार सोडायचं नाही.

३. लॉक. बीमचं एक टोक क्रेनने उचलून खाचेत बसवायचं, मग दुसरं. चारही कोपरे खालून मोजून एकाच क्रमांकाच्या खाचेत हवेत. एक कोपरा एक खाच वर राहिला, तरी पुढे सगळंच तिरकं जातं.

४. रनवे. सगळ्यांत जड भाग. सिलिंडर असलेला रनवे दुसऱ्यापेक्षा जड असतो. चाकांच्या फळ्यांवरून तो जागेवर न्यायचा, एक टोक क्रेनने उचलून बीमवर टेकवायचं आणि सरकू नये म्हणून लगेच क्लॅम्पने धरायचं. मग क्रेन दुसऱ्या टोकाकडे.

५. केबल. इथे ताकद लागत नाही, डोकं लागतं. सिलिंडरचा दांडा आधी पूर्ण बाहेर काढतात. हवेचा दाब देऊन काढत असाल, तर त्याच्या समोर उभं राहायचं नाही. चारही केबलची लांबी वेगवेगळी असते, त्यामुळे कोणती कोणत्या खांबाची हे आधी जमिनीवर पसरून ठरवायचं. केबल दुसऱ्या केबलवरून जाता कामा नये, प्रत्येक पुलीच्या खोबणीत ती नीट बसलेली हवी आणि पुलीची पिन अडकवणारा क्लिप जागेवर हवा.

६. तेल आणि वीज. होज जोडायचे, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं तेल भरायचं. मोटरचं वायरिंग मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेलं बरं.

कुठे थांबायचं?

एकट्याने काम करताना आपण स्वतःला विचारतो, "मला हे उचलता येईल का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. योग्य प्रश्न असा : "हे आत्ता पडलं, तर मी कुठे असेन?" उत्तर "खाली", "मध्ये" किंवा "भिंत आणि लोखंडाच्या बेचक्यात" असं येत असेल, तर काम थांबवून दुसऱ्या माणसाला बोलवायचं.

खांब उभे करताना, रनवे बीमवर चढवताना आणि पहिल्यांदा बटण दाबताना, निदान या तीन वेळी तरी कुणीतरी सोबत हवं. त्याने वजन उचलायची गरज नाही. एकाचा हात बटणावर असताना चार कोपरे एकाच वेळी पाहता येत नाहीत, म्हणून दुसरे डोळे लागतात. आणि काही झालंच तर मदतीला फोन करायला कुणीतरी हवं. बंद शटरमागे अडकलेल्या माणसाचा आवाज शेजाऱ्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

पहिली चाचणी कशी करतात?

गाडीशिवाय. लिफ्ट रिकामी थोडी वर घ्यायची, थांबायचं, चारही कोपरे बघायचे. सगळ्या खिट्ट्या एकाच वेळी पडत आहेत का? एखादी केबल सैल आहे का? तेल कुठे गळतंय का? खांबांच्या माथ्यावरचे नट फिरवून केबलचा ताण आणि खाचांच्या पट्ट्यांची उंची जुळवतात. फरशीला थोडा उतार असेल, तर खांबाखाली शिम, म्हणजे स्टीलच्या पातळ पट्ट्या घालतात. मग मॅन्युअल सांगतं तिथे अँकर बोल्ट ठोकायचे. काही घरगुती मॉडेलना चाकं लावून हलवायची सोय असते, पण ती रिकाम्या लिफ्टसाठी.

रिकामी लिफ्ट अनेकदा वरखाली करून झाल्यावर गाडी चढवतात, तीही आधी कमी उंचीवर. हँडब्रेक लावायचा, चाकांना अडण्या लावायच्या. नव्या केबल भार पडला की थोड्या ताणल्या जातात, त्यामुळे काही दिवसांनी ताण पुन्हा तपासावा लागतो. पुढे वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासणी हवी. व्हिडिओ "झाली जोडून!" म्हणून संपतो तेव्हा हे काम खरंतर शिल्लक असतं.

आपल्याकडे याचा काय संबंध?

पुण्या-मुंबईत फ्लॅटला स्वतःचं बंद गॅरेज क्वचितच मिळतं, त्यामुळे घरात लिफ्ट जोडायचा प्रश्न बहुतेकांना येणार नाही. पण व्हील अलाइनमेंटसाठी गाडी नेली, तर तिथे बऱ्याचदा अशीच चार खांबांची लिफ्ट दिसते. आणि सोसायटीतल्या मेकॅनिकल पार्किंगमध्ये एकावर एक गाड्या आपणही लावतोच. वर टांगलेलं वजन शेवटी कशावर टिकलंय आणि ते शेवटचं कधी तपासलं, हा प्रश्न तिथेही तेवढाच महत्त्वाचा. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तो जरूर विचारा.

आणि परदेशातला एखादा भाऊ किंवा मित्र "या वीकेंडला लिफ्ट जोडतोय, एकटाच" असं म्हणाला, तर त्याला हा लेख पाठवा. सोबत हेही विचारा, "बटण दाबशील तेव्हा तिथे दुसरं कोण असेल?"