उपकरण-फाईल ते ‘आयऑक्टल’ : युनिक्स परंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वापरकर्त्याचा प्रोग्राम प्रिंटर वा डिस्कशी थेट व्यवहार करीत नाही. त्याची मागणी कर्नल स्वीकारतो व संबंधित ड्रायव्हर ती पूर्ण करतो. कर्नलमधील एका चुकीने संपूर्ण संगणक बंद पडू शकतो. म्हणून या व्यवहाराचे नियम कसे असावेत, हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या इतिहासातील मूलभूत प्रश्न आहे.

उपकरण म्हणजे फाईल :
१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. युनिक्समध्ये उपकरणांना ‘डेव्ह’ डिरेक्टरीत फाईलचे रूप मिळाले. या दोघांनी १९७४ च्या शोधनिबंधात त्याचे तीन लाभ नोंदविले. फाईल व उपकरण यांचे वाचन-लेखन शक्य तितके सारखे होते. दोहोंची नावे एकाच पद्धतीची असतात. आणि संरक्षणाचे नियमही समान राहतात.

अपवादाचा मार्ग :
तथापि टर्मिनलचा वेग बदलणे हे वाचनही नव्हे आणि लेखनही नव्हे. त्यासाठी प्रारंभी स्वतंत्र सिस्टिम कॉल होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘आयऑक्टल’ हा सर्वसाधारण कॉल आला. त्यात आज्ञेचा क्रमांक व माहितीचा पत्ता दिला जातो. त्यांचा अर्थ मात्र ड्रायव्हरच ठरवितो. त्यामुळे लवचिकता लाभली, परंतु एकसूत्रता ढळली. प्रोग्रामने दिलेला पत्ता तपासण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर आली आणि ती चुकल्यास सुरक्षिततेलाच धोका निर्माण झाला.

पर्यायांचा शोध :
बेल लॅब्जच्याच ‘प्लॅन नाइन’ने ‘आयऑक्टल’ वगळले. १९९२ मध्ये विद्यापीठांना उपलब्ध झालेल्या या प्रणालीत नियंत्रणासाठी वेगळी फाईल असे व तीत साध्या मजकुरात आज्ञा लिहिली जाई. परिणामी नेटवर्कवरील भिन्न रचनेच्या संगणकाचे उपकरणही वापरता येई. लिनक्सने २००३ च्या २.६ आवृत्तीत ‘सिसएफएस’द्वारे, शक्यतो एका फाईलीत एकच मूल्य, ही पद्धत स्वीकारली, पण ‘आयऑक्टल’ सोडले नाही. २००७ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झालेली ‘केव्हीएम’ ही आभासी संगणकाची यंत्रणा मुख्यतः त्याच मार्गाने नियंत्रित होते.

निष्कर्ष :
‘सर्व काही फाईल’ हे तत्त्व अयशस्वी ठरले नाही. जेथे ते अपुरे पडले, तेथे पडताळणीस कठीण असा मार्ग खुला झाला. म्हणून अध्यापनात तत्त्वाबरोबर त्याच्या अपवादाचाही इतिहास सांगणे अगत्याचे ठरते.