खानदेशातील पाकपात्रे आणि कल्हई

मातीचे भांडे मागासलेपणाचे व धातूचे भांडे प्रगतीचे, असा समज भौतिक संस्कृतीच्या इतिहासलेखनात रूढ आहे. खानदेशापुरता तरी तो तपासून घेणे इष्ट होय.

तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे १९५४-५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. गिरणाकाठचे बहाळ त्यापूर्वीच, १९५२-५३ साली, उकरले गेले होते. या दोन्ही ठिकाणच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांस तांबे ठाऊक होते. स्वयंपाक मात्र मातीच्या भांड्यांत होई. तांब्याची दुर्मिळता हे याचे उघड कारण खरे. परंतु पुढे तांबे-पितळ घरोघर आले तरी माती चुलीवरून उतरली नाही, याचा उलगडा त्याने होत नाही.

तो उलगडा भाषेत सापडतो. ताक, कढी किंवा चिंचेचे सार पितळेत ठेवले की ‘कळकते’. आम्लाच्या योगाने तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. चव बिघडते व मळमळ, वांती होते. या एका दोषासाठी मराठीने स्वतंत्र क्रियापद राखले आहे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. पाण्याची घागर बिनकल्हईची चाले, आमटीचे पातेले चालत नसे.

म्हणून धातूचा खरा गृहप्रवेश पितळेने नव्हे, कल्हईने घडविला असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शब्द अरबी-फारसीतून आलेला. भांडे तापवून नवसागराने आतील मळ काढावयाचा आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने पसरावयाचे, एवढीच क्रिया. पण कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कोरड्या भाजणीस असे भांडे निरुपयोगी. तेथे लोखंडी तवा, आणि मांड्यांसाठी चुलीवर पालथे घातलेले मातीचे खापर. खापर टिकले ते केवळ रूढीमुळे नव्हे. लोखंडात तरी आवळा काळा पडतोच.

१८९८ साली मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा उद्योग आरंभिला. त्यास कल्हई नको, पण आंबट त्यालाही बाधते. क्रोमियमयुक्त पोलादाने पुढे हा प्रश्न बराचसा मिटविला, आणि कल्हईवाल्याची आरोळी विरळ झाली.

उत्खननाच्या नोंदवहीत ‘तांब्याचे भांडे’ एवढेच लिहून भागणार नाही. आतील पृष्ठावर कथिलाचा अंश आहे किंवा नाही, हे रासायनिक परीक्षणाने पाहिल्यावाचून ते भांडे पाण्याचे की स्वयंपाकाचे, हे ठरविता येणे कठीण आहे.