सावली, १९३६ आणि 'तयारी' करणारा मुलगा

"पोरगा का करते?"

"तयारी करते जी."

सावली तालुक्यात प्रश्नावली घेऊन फिरताना हे एवढंसं संभाषण मी इतक्यांदा ऐकलंय, की आता वडील तोंड उघडण्याआधीच उत्तर कळतं. तयारी म्हणजे पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, एमपीएससी. मुलगा बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेला, तिशीच्या आसपासचा, कधी त्याच्याही पुढचा. राहतो आईवडिलांकडे. परीक्षेची फी, मोबाइलचा रिचार्ज, गडचिरोलीला जायचं बसभाडं, सगळं वडिलांच्या खिशातून. माझी अडचण त्याच्या पुढे सुरू होते. हातातल्या तक्त्यात 'तयारी' असा रकानाच नाही.

मी मूळचा सांख्यिकीचा विद्यार्थी. एम.एस्सी.नंतर इतिहासाकडे वळलो तो याच रकान्यांमुळे. पीएच.डी.चा विषय थोडक्यात सांगायचा तर असा: बेकार कोणाला म्हणायचं हे आपल्याकडे कोणी आणि केव्हा ठरवलं, आणि त्या मोजणीतून कोण निसटलं. त्यातला एक तुकडा आज सांगतो, कारण योगायोगाने तो सावलीपासूनच सुरू करता येतो.

१९३६चा फेब्रुवारी संपत होता तेव्हा गांधी सेवा संघाचं अधिवेशन सावलीत भरलं. गांधीजी स्वतः आले होते. त्यानंतर दोनेक महिन्यांत ते वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. चांदा जिल्ह्यातलं हे आडगाव निवडण्यामागे खादी होती. सावलीत तेव्हा खादीचं काम चालायचं. चरख्याचं समर्थन करताना गांधीजींचा युक्तिवाद सूत आणि स्वदेशी एवढ्यावर थांबत नसे. ते वेळेचं गणित मांडत. शेतकऱ्याच्या घराला वर्षातले किमान चार महिने काम नसतं. त्या रिकाम्या वेळात घर न सोडता करता येईल असं काय आहे? धानाच्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पऱ्हे, चिखलणी, रोवणा, मग कापणी आणि मळणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. उरलेले दिवस मोकळे.

त्याच फेब्रुवारीत लंडनला केन्स यांचं 'जनरल थिअरी' प्रसिद्ध झालं. आणि जूनमध्ये केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये एक छोटा लेख लिहिला: छुपी बेकारी. त्यांचं म्हणणं असं की चांगल्या कामावरून निघालेला माणूस रिकामा बसत नाही, कारण बसणं त्याला परवडत नाही. तो रस्त्यावर आगपेट्या विकतो, बटाटे खणतो, जंगलात झाडझाडोरा तोडतो. आकडेवारी त्याला कामावर आहे असं समजते. तो मात्र बेकारच असतो. (जंगलाचं उदाहरण केंब्रिजच्या बाईंना सुचावं आणि मी ते चंद्रपूरच्या जंगलात फिरताना वाचावं, याची मला अजून गंमत वाटते.) पुढे १९५०च्या दशकात ही कल्पना कारखान्यांतून उचलून आपल्यासारख्या देशांच्या शेतीवर बसवली गेली. पाच एकरांवर चौघं राबतात, दोघांनी हात काढून घेतले तरी धान तेवढंच पिकतं, तर ते दोघं छुपे बेकार. तुम्ही अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्रात हे वाचलं असेल.

मला यात एक गोष्ट खटकते. गांधीजी काय किंवा हे अर्थशास्त्रज्ञ काय, दोघांच्याही डोळ्यांसमोर असलेल्या घरात रिकामा वेळ सगळ्यांच्या वाट्याला थोडाथोडा येतो. बापही चार महिने मोकळा, मुलगाही. त्यात लाज कोणालाच नाही. आज मी ज्या घरांत जातो तिथे सगळा रिकामा वेळ एकाच माणसाच्या अंगावर गोळा झालाय, आणि तो माणूस घरातला सगळ्यात शिकलेला आहे.

हे कसं झालं याचा एक धागा कायद्यात सापडतो. एकत्र कुटुंबाच्या पैशाने मुलगा शिकला, तर त्याची कमाई कोणाची? १९२१मध्ये प्रिव्ही कौन्सिलने गोकळचंद विरुद्ध हुकूमचंद खटल्यात निकाल दिला, की कुटुंबाच्या खर्चाने शिकून आयसीएस झालेल्याची मिळकत कुटुंबाची. त्यावर बरीच ओरड झाली. मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने १९३०मध्ये कायदा झाला आणि शिक्षणातून आलेली कमाई ज्याची त्याची ठरली. कायदा योग्यच होता, मी त्याच्या बाजूने आहे. पण हिशेबाची दुसरी बाजू कोणी लिहिली नाही. शिकलेल्याची कमाई त्याची स्वतःची झाली. त्याची बेकारी घराचीच राहिली.

सरकारी यंत्रणेनेही ती कधी पूर्ण अंगावर घेतली नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाले ते १९४५मध्ये, महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी. सर्वांना ते १९४८मध्ये खुले झाले. तुमच्या वडिलांकडे कदाचित ते कार्ड अजून असेल. नूतनीकरण करायचं आणि कॉलची वाट पाहायची. महाराष्ट्राची रोजगार हमी, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, १९७२च्या दुष्काळात वाढली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. जगात तिचं कौतुक झालं ते रास्तच. पण ती हमी होती अंगमेहनतीच्या कामाची. बी.ए. झालेल्या मुलाला खडी फोडायला पाठवायला बापच तयार नसायचा. त्यासाठी शिकवलं नव्हतं ना!

आता मोजणी. १९७०मध्ये प्रा. दांतवाला यांच्या समितीने सांगितलं की आपल्यासारख्या देशात बेकारी एका आकड्यात मावत नाही. त्यानंतर १९७२-७३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत वर्षभराची, आठवड्याची आणि दिवसाची अशा तीन मोजपट्ट्या आल्या. आजची श्रमबल पाहणी त्याच वळणाची आहे. वर्षभराच्या पट्टीतला नियम मात्र नीट वाचा: वर्षाचा बहुतांश काळ काम शोधण्यात गेला, पण मध्ये तीस दिवस किंवा अधिक काम केलं, तर दुय्यम काम धरून माणूस 'कामावर' ठरतो. पगार नसला तरी चालतं. घरच्या शेतात विनामोबदला मदत करणाऱ्याला वेगळा संकेतांक आहे, २१.

व्याहाडकडच्या एका घरात मी एकाबरोबर बसून वर्षाचे दिवस मोजले. वय चौतीस. सकाळी धावतो, दुपारी अभ्यासिकेत. रोवण्याला किती दिवस, कापणीला किती, मळणीला किती. चाळीसच्या वर गेले. म्हणजे वर्षाच्या पट्टीवर तो बेकार नाही. सांगितलं तर हसला. म्हणाला, "हे आमच्या बाबाले सांगा."

लोक म्हणतात पोरं आळशी झाली. जपानमध्येही १९९०च्या दशकाअखेरीस आईबापांकडे राहणाऱ्या नोकरदार अविवाहित मुलांना यामादा नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 'परजीवी' म्हटलं आणि शब्द गाजला. आपल्याकडे तो लागूच होत नाही. इथे नोकरीवाला मुलगाही लग्नानंतर आईबापांकडेच राहतो. एका छताखाली राहण्याला कोणी हसत नाही. टोचतं ते हजार रुपये मागायला जाणं. २०२३च्या तलाठी भरतीची खुल्या गटाची फी हजार रुपये होती, राखीव गटाची नऊशे. जागा ४६४४, अर्ज दहा लाखांवर. आणि थांबायचं केव्हा हे ठरवणारी एकच रेषा राज्याने आखलीय, वयोमर्यादेची. २०१६मध्ये ती खुल्या गटाला ३३वरून ३८ झाली, राखीव गटांना ४३. मागणी उमेदवारांचीच होती. त्या पाच वर्षांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न शासन निर्णयात येत नाही, येण्याचं कारणही नाही.

निघताना त्याच्या आईने चहा दिला आणि विचारलं, "तुमी का करता जी?" पीएच.डी. म्हणालो. पगार? नाही, फेलोशिप अजून लागलेली नाही, घरीच राहतो. तिने मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तक्त्याप्रमाणे मी संकेतांक ९१, शिक्षण घेणारा, श्रमबलाच्या बाहेर. तिचा मुलगा कामावर. बेकार त्या ओसरीवर कोणीच नव्हतं.