गुरुजींचं सेवापुस्तक

गुरुजी वारले त्या सालची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, कापसाची दुसरी वेचणी चालू होती. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला. त्यानं फोन केला, "भाऊ, आईच्या पेन्शनचे कागद करायचेत. तुम्ही जरा बघता का?" माझं शिक्षण दहावी, पण पीकविमा आणि सातबाऱ्याच्या पायी कचेऱ्यांचा सराव चांगला झालेला. मी वेचणी बायकोच्या हवाली केली आणि परतूरला गुरुजींच्या घरी गेलो.

काकूंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढून दिली. तिच्यात गुरुजींच्या सेवापुस्तकाची दुय्यम प्रत होती. नोकरदार माणसाचं सारं आयुष्य या एका वहीत असतं. कधी लागला, कुठं बदली झाली, कधी वेतनवाढ मिळाली, रजा किती घेतली. मी पानं उलटत होतो. १९८९ सालच्या नोंदीवर हात थांबला. मुख्याध्यापकाची पदोन्नती मिळाली होती आणि गुरुजींनी ती लेखी नाकारली होती.

मला घाम फुटला. कारण १९८९ साली गावातल्या पारावर मी काय बोललो होतो, ते मला आठवत होतं. शेजारच्या गावचे मास्तर त्या वर्षी मुख्याध्यापक झाले होते. मी म्हणालो होतो, "आपले गुरुजी नाही चढायचे वर. त्यांच्यात तेवढं पाणी नाही." चारजण हसले होते. गुरुजी त्याच वाटेनं शाळेकडं गेले होते. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

या नोंदीचा अर्थ कळायला थोडं मागं जावं लागतं.

आमचा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तेव्हा शिक्षणखात्याला तालीमात म्हणायचे. माझे वडील सांगायचे, मोठ्या गावाला शाळा असायची, वाड्या-वस्त्यांच्या नशिबी काही नाही. वरच्या वर्गांचं शिकणं उर्दूत. त्यामुळं सातवी पास झालेला माणूस म्हणजे गावात शहाणा. पुलिस ॲक्शन झाली, पुढं १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि गावोगाव शाळा निघायला लागल्या. शाळा निघाल्या, पण शिकवणारे कुठून आणायचे? मग सातवीची फायनल पास झालेल्या पोरांनाच मास्तर केलं. आमचे गुरुजी त्यातलेच. पुढं त्यांना ट्रेनिंगला पाठवलं. ट्रेनिंग झाल्याशिवाय ट्रेंड मास्तरचा पगार नाही. गुरुजींच्या नोकरीतली ही पहिली पायरी.

१ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावच्या शाळा त्यांच्याकडं गेल्या. मास्तर जिल्हा परिषदेचे झाले. तेव्हापासून मास्तरच्या नशिबाची एक यादी असते, तिला सेवाज्येष्ठता यादी म्हणतात. जिल्ह्यातले सगळे मास्तर नोकरीच्या तारखेप्रमाणं एकाखाली एक. वरचा माणूस निवृत्त झाला की खालचा एक घर सरकतो. रांगेत उभं राहून रेशनचा नंबर यावा, तसा वीस-पंचवीस वर्षांनी मुख्याध्यापकाचा नंबर येतो.

आमचा परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात. पगाराचं, बदलीचं काही काम निघालं की गुरुजी परतूरच्या स्टेशनावर गाडी धरायचे आणि सेलूवरून परभणीला जायचे. हिंगोली, कळमनुरी, वसमत हे सगळं त्याच जिल्ह्यात. बढती मिळाली तर कुठं जावं लागेल याचा नेम नव्हता. पुढं १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीचा परतूर असे तालुके एकत्र आले. आम्हा शेतकऱ्यांना कलेक्टर कचेरी जवळ आली याचाच आनंद. मास्तरांची मात्र यादी बदलली. गुरुजींचं नाव आता जालन्याच्या यादीत आलं आणि बदलीचं टोक हिंगोलीवरून भोकरदनकडं फिरलं.

गुरुजी आमच्या शाळेवर दोनदा आले. पहिल्यांदा मी पहिलीत होतो तेव्हा. एकच खोली, चार वर्ग, एकटे गुरुजी. पहिलीला पाटीवर लिहायला लावायचं, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन आणि चौथीला समोर घेऊन गणित. एका माणसानं चार तिफनी हाकाव्यात तसं ते काम. बहात्तरच्या दुष्काळात त्यांची बदली झाली. दुसऱ्यांदा आले ते १९८४ साली. तोवर माझा थोरला पोरगा शाळेच्या वयाचा होत आलेला.

त्या काळात मास्तरांच्या जगात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक, चटोपाध्याय आयोग. केंद्र सरकारनं नेमलेल्या या आयोगाचं म्हणणं असं की, मास्तर जन्मभर एकाच जागी शिकवत राहिला तर त्याला चढायला काही जागा पाहिजे. त्यातून आपल्याकडं १ जानेवारी १९८६ पासून नवी सोय आली. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी. वर्ग सोडायचा नाही, गाव सोडायचं नाही, आणि तरी पगाराची पायरी चढायची. मास्तर लोक अजून त्याला "चटोपाध्याय लागला" असंच म्हणतात. पण निवड श्रेणीला मेख होती. वरिष्ठ श्रेणीतल्या शंभरातल्या फक्त वीसजणांना ती मिळायची. बाकीचे ऐंशी तिथंच.

दुसरी गोष्ट, १९८७ ची खडू-फळा मोहीम. एकशिक्षकी शाळेला दुसरा मास्तर, दुसरी खोली आणि फळा-नकाशे देण्याची ती योजना. आमच्याही शाळेला दुसरी जागा मंजूर झाल्याचं कळलं. कागदावर जागा आली, माणूस काही आला नाही.

आणि नेमकी तेव्हाच, १९८९ साली, गुरुजींना बढती आली. गाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

मी काकूंना विचारलं, "काकू, गुरुजींनी मुख्याध्यापकी कामून सोडली?"

काकू म्हणाल्या, "एक तर सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. अन् दुसरं, ते म्हणले, मी गेलो की शाळेला कुलूप लागंल. नवा मास्तर येईस्तोवर पोरं ढोरामागं जातील. एकदा पोरगं ढोरामागं गेलं की परत येत नाही, आसं म्हणले."

त्या वर्षी माझा पोरगा चौथीत होता.

आता हिशेब सांगतो. शेतकऱ्याला हिशेबाशिवाय गोष्ट पटत नाही. बढती नाकारली म्हणजे तेवढ्या महिन्याचा पगार गेला, एवढ्यावर भागत नाही. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते आणि बायकोची पेन्शन त्याच्यावर. म्हणजे १९८९ साली गुरुजींनी जी सही केली, तिची किंमत काकू आजही दर महिन्याला भरतात. १९९४ साली राज्यात केंद्रप्रमुखाची पदं आली. साधारण दहा शाळांचं एक केंद्र आणि त्यावर एक माणूस. पण ते दार पदवीवाल्यांना. गुरुजींची पदवी नव्हती. १९९६ साली गुरुजी निवृत्त झाले ते सहशिक्षक म्हणूनच. आम्ही त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषण मीच केलं. पारावरचं बोलणं मला त्या दिवशी आठवलंसुद्धा नाही.

सेवापुस्तक मिटलं तेव्हा मला एक गोष्ट कळली. प्राथमिक शाळेत वर चढायचं म्हणजे बहुतेक वेळा वर्गातून बाहेर पडायचं. सहशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग विस्तार अधिकारी. एकेक पायरी चढेल तसा माणूस पोरांपासून लांब आणि कागदाच्या जवळ. चांगला बैल चांगला चालतो म्हणून त्याला औतावरून सोडून दावणीचा मुकादम कोणी करत नाही. शाळेत मात्र चांगल्या मास्तरचं बक्षीस हेच की त्यानं शिकवणं सोडावं. ज्याला सोडवत नाही, त्यानं तोटा खावा. पर्यवेक्षणाला चांगली माणसं लागतात, हे मला मान्य आहे. पण शिकवत राहणाऱ्याचा मान आणि पगार त्यांच्याबरोबरीनं वाढायला काय हरकत होती? चटोपाध्यायनं तेच सांगितलं होतं. ते अर्ध्यावर राहिलं.

हे जुनं झालं म्हणावं, तर माझ्या घरातच त्याच्या पुढचा अध्याय चालू आहे.

माझी पुतणी. बारावी झाली आणि २००२ साली वस्तीशाळेवर लागली. ज्या वस्त्या शाळेपासून लांब, तिथं गावातलीच शिकलेली पोरगी-पोरगा नेमायचा आणि पोरं शिकवायची, अशी ती योजना. मानधन महिन्याला १००० रुपये. शाळा एका गड्याच्या गोठ्यालगत, छपराखाली. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की ती साडी गुडघ्यापर्यंत धरून पलीकडं जायची. तिनं तिथूनच पत्राद्वारे डी.एड. केलं. १ मार्च २०१४ पासून सरकारनं या निमशिक्षकांना कायम केलं. घरात पेढे वाटले. नंतर कळलं की नोकरी धरली जाणार ती २०१४ पासूनच. आधीची बारा वर्षं धरलीच नाहीत. त्यातच २००५ च्या नोव्हेंबरानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. छपराखालच्या बारा वर्षांची सेवापुस्तकात ओळसुद्धा नाही.

तिची वरिष्ठ श्रेणीची बारा वर्षं भरतात २०२६ च्या मार्चात. खरं तर शिकवायला लागून चोवीस होतील, म्हणजे निवड श्रेणीची वेळ. आणि एवढ्यात १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर नोकरी जाईल. पाच वर्षांपेक्षा कमी उरली असेल त्यांची नोकरी राहील, पण बढती हवी तर त्यांनाही परीक्षा आहेच. १५० गुणांचा पेपर, खुल्या वर्गाला ९० पाहिजेत. मास्तरची परीक्षा घेऊ नये असं मी म्हणत नाही. माझ्या नातवाला शिकवणाऱ्याला गणित आलं पाहिजेच. पण चोवीस वर्षं ज्या वर्गात ती उभी राहिली, तिथं येऊन कोणी तरी तास बघायला हवा होता ना? परीक्षा तिथंही घेता आली असती.

ती मला म्हणाली, "काका, पोरांना आठवड्याची चाचणी देते अन् रात्री मी माझी सोडवते. पोरं इचारतात, बाई, तुमाला किती पडले?"

आणि ज्यांच्यासाठी पायरीच नाही, त्यांचं काय? माझी धाकटी भावजय त्याच गावच्या शाळेत खिचडी शिजवते. १९९५ साली पोषण आहाराची योजना आली तेव्हा पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचे. पुढं शाळेतच शिजवायला लागले आणि ही चुलीपुढं बसली. शाळेत कोणत्या पोराच्या घरी रात्री चूल पेटली नाही, हे मास्तरच्या आधी तिला कळतं. ती त्या ताटात एक डाव जास्त टाकते. इतक्या वर्षांत मानधन १००० वरून २५०० झालं, तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचं. तिला यादी नाही, श्रेणी नाही, सेवापुस्तक नाही. एकदा मी हसत विचारलं, "तुझं प्रमोशन कधी?" ती म्हणाली, "भाऊजी, गॅस आला चुलीच्या जागी, तेच माझं प्रमोशन."

शेवटी माझंही एक कबूल करतो. शिक्षणहक्क कायदा म्हणतो, पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० च्या वर पोरं असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक. आमच्या शाळेचा पट आज चाळिशीच्या आत आला. त्यामुळं तिथं मुख्याध्यापकाचं पदच नाही. जो जुना मास्तर असेल तो प्रभारी, काम सगळं, पद काही नाही. पट का घटला? सकाळी साडेसातला पिवळी गाडी येते आणि पोरांना परतूरच्या इंग्रजी शाळेत नेते. त्या गाडीत माझा नातूही असतो. आम्ही पोरं काढून नेली आणि मास्तरांच्या पायऱ्या आम्हीच मोडल्या. वर पारावर बसून म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत काही राम राहिला नाही.

या जूनला नातू पहिलीतून दुसरीत जाईल. पोराशी आणि सुनेशी बोललो आहे. त्याचं नाव गावच्या शाळेत, त्याच्या आत्याच्या वर्गात घालायचं म्हणतो. सून अजून हो म्हणाली नाही. मी काकूंनाही हे सांगितलं. त्यांनी पेटीतलं सेवापुस्तक पुन्हा फडक्यात बांधलं आणि म्हणाल्या, "बघ बा. तुझ्या गुरुजींना आवडलं असतं."